दाब निघेपर्यंत

बेलापूर, परवाना शाखा, खिडकी दोन.
जेवणाच्या सुट्टीला अकरा मिनिटं उरलेली
आणि घणसोलीचा प्रणित मढवी
काउंटरवर मोबाईल उभा करतो.
फोटोत काळी, वाकड्या मॅगझीनची, चकचकीत.
"मना हीच पायजे, मॅडम. फुल ऑटो.
जागेचे पैसे आलेत. पैशाचा टेन्शन नाय."

मी फॉर्म पुढे सरकवत नाही.
बावीस वर्षांत एवढं कळलंय,
माणसं इथे बंदूक मागायला येतात
आणि सोबत एक गोष्ट घेऊन येतात,
हळदीच्या मांडवात कुणीतरी सांगितलेली.
फार्महाऊसवर शोभेला ठेवली तर चालते.
पार्ट सुटे केले की नुसतं लोखंड, भंगाराला कोण विचारतो.
बाहेरच्या राज्याचा परवाना काढला
की इकडे कुणी हात लावत नाही.
चुलत्याच्या ओळखीतल्या एका शेठकडे आहेच,
कपाटात, पैठणीत गुंडाळलेली.
त्या शेठचं नाव मात्र
आजवर एकालाही सांगता आलेलं नाही.

कायद्यातली तिची व्याख्या मला पाठ आहे,
आरती पाठ असते तशी, अर्थाकडे न बघता:
चाप दाबला की
दाब निघेपर्यंत
किंवा मॅगझीन रिकामं होईपर्यंत
गोळ्या सुटतच राहतील असं हत्यार.
ते निषिद्ध.
सुटे भागही कायद्याला हत्यारच.
जवळ सापडली तरी सात वर्षं, चौदापर्यंत,
मग ती झाडलेली असो की नुसती पुसून ठेवलेली.

"मंग फॉर्मवर निषिद्धचा रकाना कशाला?"
पोरगा हुशार आहे.
रकाना दिसला की माणसांना दार दिसतं.
त्या दारातून मी दोनच कागद
दिल्लीकडे जाताना पाहिलेत.
दोन्ही परत आले,
एकावर चहाचा डाग.

"साधी तरी मिळंल ना?"
मिळेलही. कारण लिही. हौस हे कारण नाही.
पोलीस घरी येतील, शेजारी काय सांगतात ते लिहून नेतील.
डॉक्टरचा दाखला, प्रशिक्षणाचा दाखला.
आणि एवढं होऊन हळदीत हवेत झाडलीस
तर वरातीआधी तुझी वरात.
तो हसत नाही.
त्याच्या मनगटावर अजून पिवळट डाग आहे.

मागे रांगेत कोपरखैरण्याचे अंकुश खैरमोडे.
बारा बोअर, दुनळी, नूतनीकरण.
वाशीला एका बँकेच्या दारात स्टुलावर बसतात.
ते वाकून फोटो बघतात,
जुन्या ओळखीच्या घरची पत्रिका बघावी तसा.
"ही माझ्याकडं होती. सतरा वर्षं."

प्रणित पूर्ण वळतो. "घरी?"

"घरी कशी?
कोतमधनं सही करून घ्यायची,
सही करून परत द्यायची. गोळ्या मोजून.
एकदा एक पुंगळी कमी भरली,
तर आख्खी प्लाटून रातभर बॅटऱ्या घेऊन गवतात.
माझी कधीच नव्हती ती.
नंबर तेवढा पाठ आहे अजून.
बायकोच्या मोबाईलचा नाही."

"आणि फुल ऑटोवर? किती वेला?"

खैरमोडे चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात,
स्वच्छ झाल्यावरही पुसत राहतात.
"एकदाच.
बोट काढायचं ध्यानातच आलं नाही.
रिकामी झाली, तेव्हा थांबली."

पंखा फिरतोय. झेरॉक्सवाला कुणाला तरी सुट्टे मागतोय.
व्याख्येतला तो 'किंवा'
बावीस वर्षांत मी एकदाही ऐकला नव्हता.

प्रणित मोबाईल पालथा घालतो.
फॉर्म मागत नाही, जातही नाही.
मी खैरमोड्यांचा अर्ज ओढून घेते,
शिक्का शोधते. हाताशीच असतो, सापडत नाही.
'शस्त्र बाळगण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी
मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलंय:
पोटासाठी.