अकराला बारा

मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही.
हे आधीच सांगून टाकते,
जशी एखादी सांगते, मला पोहता येत नाही,
आणि तरी बोटीत चढून बसते.

माझी बोट म्हणजे पडद्यावरचं पांढरं पान.
डाव्या हाताला खोकी: मजकूर, चित्र, बटण, नकाशा.
एक खोकं नुसत्या मोकळ्या जागेचं.
इथे रिकामपणसुद्धा चिमटीत धरून आणावं लागतं
आणि दोन ओळींच्या मध्ये टेकवावं लागतं,
जागं होऊ नये असं.

आधी मी पोस्टरं करायचे. नाटकांची, बाजारांची,
एकदा तर नुसत्या लसणाच्या जत्रेचं.
कागद एकदा छापला की निमूट राहतो.
हे पान फोनवर उघडलं की अंग चोरतं,
मोठ्या पडद्यावर पाय पसरतं,
रात्री दीडला मी एकच बटण
केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे.

हिनेक सोउचेक पियानो जुळवतात,
बर्नोत आणि आसपासच्या गावांत, एकेचाळीस वर्षं.
जन्मापासून दिसत नाही त्यांना.
साइट हवी होती सुनेला. त्यांनी मान डोलावली होती.

तीन आठवडे घातले मी.
तारांचा फोटो कडेपर्यंत ताणलेला,
त्यावर नाव किंचित तिरपं,
तिरपं करता यावं म्हणून दोन खोक्यांत तोडलेलं.
दर आधी तळाशी होते, मग उचलून वर आणले.
सुंदर झालं होतं. खोटं का बोलू?

ते आले, कोट न काढता बसले,
फोन कानाशी धरला.
फोनमधली बाई धाप न लागता वाचत सुटली:
*चित्र. चित्र. बटण. सर्व हक्क राखीव.
सोउचेक. चित्र. पंधराशे क्राउन. बटण.
हिनेक.*

तेवढ्यात पेत्रोवच्या टेकडीवर टोले सुरू झाले.
या शहरात अकरालाच बाराचे टोले पडतात,
कुठल्याशा जुन्या वेढ्यापासूनची रीत.
मीही मोजले. बरोबर अकराला
माझ्या तीन आठवड्यांचे बारा वाजले.

ते हसले नाहीत.
म्हणाले, "तारा सगळ्या आहेत, अपोलेना.
पट्ट्या भलत्याच तारांना जोडल्यात."

मग मी ती बाजूची यादी उघडली
जी कधी उघडली नव्हती.
पान कसं दिसतं ते तिथे नव्हतंच.
मी काय कधी आणून टाकलं, तेवढंच होतं,
घर बदलल्यावर न उघडलेल्या पेट्यांसारखं,
सगळ्यात वर ती पेटी जी शेवटी लागते.

मी ओढत गेले, ते ऐकत गेले.
"अजून वर. हां. आता दर. नाही, आधी नंबर,
माणूस तार तुटल्यावर फोन करतो, दर नंतर विचारतो."

"आणि हे चित्र चित्र काय आहे?"
मी टाइप केलं: पियानोच्या तारा, वरून पाहिलेल्या.
"वरून पाहिलेल्या काढा. धूळ आहे का तिथे?"
मी फोटो मोठा करून पाहिला. होती.
तीन आठवड्यांत मला दिसली नव्हती.
"मग धूळ लिहा. गिऱ्हाइकाला आपलं घर ओळखू येईल."

नाव आता एका खोक्यात आहे, सरळ.
मला ते अजूनही तिरपंच आवडतं.

पैसे मोजून दिले त्यांनी, नोटा दुमडून, प्रत्येक वेगळी.
वर म्हणाले, पियानो जुळवून देतो, फुकट.
माझ्याकडे पियानो नाही, मी म्हटलं.
ते दाराकडे निघाले, जाता जाता खिडकीशी थांबले,
नखाने काचेवर एकदा टिचकी मारली.

"ही सैल आहे," म्हणाले. "हिवाळ्यात बोलेल."