घरगुती कारणास्तव

कोकण भवनासमोर, झाडाखालच्या टेबलाशी
टायपिंगवाले तांडेलकाका विचारतात,
गॅप किती वर्षांची?
एकोणीस, मी म्हणते.
लॅपटॉपवर आधीच्या कुणाची तरी गॅप उघडीच असते,
नाव पुसायचं, आकडा बदलायचा.
"कारण काय लिवू? घरगुती कारणास्तव लिवतो.
सगल्या बायांचा तेच असतं."

लिहा.
घर होतंच त्यात.
आठवड्यातून दोनदा वाशीला सासऱ्यांचं डायलिसिस,
मुलीची दहावी, मग बारावी,
आणि अकरा वर्षं डबे.
घणसोली, सेक्टर नऊ. सव्वीस डबे.
सगळी ऐरोलीच्या कंपन्यांतली, रात्रपाळीची पोरं.

रिकामा आलेला डबा उघडला
की माणूस थोडा थोडा कळतो.
कुणी पोळीच्या कडा ठेवतं.
कुणी आमटीत बिडी विझवतं, त्याला मी दोनदा झापलं.
एकजण डबा घासून, पुसून पाठवायचा,
झाकणावर नेलपॉलिशने मीच लिहिलेलं त्याचं नाव
त्या घासण्याने पुसट झालेलं.
प्रणित. वर्ध्याकडचा. तिसरा मजला.

एका सोमवारी त्याचा डबा भरलेलाच परत आला.
मंगळवारीही.
मला वाटलं, तेल जास्त होतंय.
बुधवारी तेल कमी केलं.
गुरुवारी त्याच्याकडे करतात तसं वांगं केलं, झणझणीत,
चिठ्ठी ठेवली: जेव रे.
शुक्रवारी डबा आलाच नाही.
नंतर वॉचमनने आणून दिला,
पोलिसांचं लिहिणं झाल्यावर.

मी तेल कमी केलं होतं.
एवढंच सुचलं होतं मला.

फॉर्ममध्ये आहे: या अभ्यासक्रमाकडे का वळावंसं वाटतं,
पाचशे शब्दांत.
मी लिहिलं, मला माणसांची आवड आहे.
खोडलं.
मुलगी म्हणाली, पॅशन वगैरे लिही, आई.
लिहिलं. तेही खोडलं.
दोन शिफारसपत्रं हवीत.
एक कॉलेजच्या बाईंनी दिलं, त्यांना मी आठवत नव्हते,
तरी दिलं.
दुसरं माझ्याकडे जेवून मॅनेजर झालेल्या एकाने,
कंपनीच्या लेटरहेडवर:
"यांच्या हाताचं मीठ कधीही चुकलं नाही."
म्हटलं, बाबा रे, हे नको, दुसरं लिही.

हे रागावले नाहीत. पंखा एकवर आणला,
मग विचारलं, पूर्णवेळ म्हणजे पार दहा ते पाच?
शनिवार-रविवारचं नसतं का काही, मोबाइलवर?
असतं.
पण मला बाकावर बसायचंय,
कुणीतरी मधेच थांबवायला हवंय मला:
असं नाही, बाई. पुन्हा विचारा. आणि आता गप्प बसा.
गप्प बसणं मोबाइलवर कसं शिकणार?
ते काही बोलले नाहीत.
सकाळी बघितलं तर
कणकेचा डबा त्यांनी खालच्या फळीवर ठेवला होता,
त्यांच्या दुखऱ्या खांद्याला पुरेल इतक्या उंचीवर.

"समुपदेशन म्हंजे," तांडेलकाका विचारतात,
"लोकांना समजवायचा ना?"
तेल कमी करायचं नाही, मी म्हणते.
ते चष्म्यावरून बघतात,
स्टॅम्पपेपर प्रिंटरात सारतात,
सही इथे, आणि इथे.

फोटोवाला आठच देतो, कमी नाही.
फॉर्मला लागले दोन.
उरलेले सहा कुठे ठेवावेत कळेना,
पाकिटात दुमडतात,
ड्रॉवरमध्ये मुंग्या.

मांडणीवर एक डबा आहे, सत्ताविसावा,
घासलेला, पुसलेला, कुणालाच जात नाही.
त्याच्या वरच्या पुडात ठेवले.
झाकण लावताना
सहाही चेहरे वर बघत होते,
जेवण कुणी आणतंय का, असे.