इतर निरीक्षणे

उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर सकाळी साडेसातला
आमची पिवळी बस थांबली.
नववी ब. एकेचाळीस मुलं, दोन मोजटेप,
लाल-पांढरे पट्टे मारलेल्या चार काठ्या
आणि ग्लेनच्या डब्यातून मागून घेतलेलं एक संत्रं.

संत्रं पाण्यात टाकायचं असतं.
पाच मिनिटांत ते किती सरकतं
त्यावरून कळतं वाळू कुठे निघालीय.
एवढ्या महागड्या समुद्रासाठी एवढं स्वस्त यंत्र.

शर्वाणीने हळूच मराठीत विचारलं,
मिस, इरोजनला आपल्यात काय म्हणतात?
धूप, म्हटलं.
ते ऐकून ध्वनितने टोपी पुढे ओढली.
त्याच्या घरी धूप म्हणजे ऊन.
मी तिला सांगितलं नाही की हाच शब्द
पुल्लिंगी केला तर निखाऱ्यावर दरवळतो,
स्त्रीलिंगी केला तर पायाखालची जमीन नेतो.
परीक्षेत ते विचारत नाहीत.

दगडांचा बांध समुद्रात शिरलेला.
अजमानच्या बाजूला वाळू काठोकाठ,
तिच्यावर हॉटेलच्या मिटलेल्या छत्र्या.
रास अल खैमाच्या बाजूला
हातभर उंचीचा कडा
आणि उघडी पडलेली एक काळी पाइप.
म्हणजे यांनी त्यांची वाळू चोरली? रिदाने विचारलं.
अडवली, मी दुरुस्त केलं.
पुस्तकात चोरी हा शब्द नाही.

तेवढ्यात लोडर आला.
इकडची वाळू उचलून तिकडे टाकू लागला.
दर पंधरवड्याला येतो म्हणे.
हा बघा सौम्य उपाय, मी ओरडून सांगितलं,
कारण त्याच्या दणदणाटात
साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं.

मोफज्जल हॉटेलचा पहारेकरी.
त्याच्या गणवेशात आणखी एक मोफज्जल मावला असता.
बराच वेळ आमच्या काठ्या बघत होता.
मग म्हणाला, मी आलो तेव्हा इथे दिव्याचे सात खांब होते.
आता चार.
पाचव्याच्या वायरी ओहोटीला दिसतात.
किती वर्षं झाली?
त्याने बोटांवर मुली मोजल्या, त्यांच्या इयत्ता मोजल्या,
मग म्हणाला, नऊ.

गाव कुठलं?
भोला. बांगलादेशात, नदीच्या तोंडाशी.
तिथे मी घर तीनदा मागे नेलं.
तिसऱ्यांदा मागे जागाच नव्हती.
मग तो हसला, काठीकडे बोट करून:
इथे निदान मोजायला तरी कुणी येतं.

उताराला रकाना होता, लाटांना होता,
वाऱ्याला होता. खांबांना नव्हता.
रिदाने तळाशी, 'इतर निरीक्षणे' लिहिलेल्या
दोन ओळींत पेन्सिलीने लिहिलं:
सात वजा चार.
कालावधी: एका माणसाची नोकरी.
मी लाल पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

संत्रं अकरा मीटर गेलं, ईशान्येला.
ते परत आणायचं कुणी?
पालकांनी सही केलेल्या पत्रात
गुडघ्यापर्यंतच्याच पाण्याची परवानगी होती.
ग्लेन म्हणाला, जाऊ द्या मिस, आंबटच होतं.

बसच्या दाराशी गुलबाज खान आडवा उभा.
बूट झटकल्याशिवाय एकही पाय आत येणार नाही.
एकेचाळीस जोड आपटले गेले.
डांबरावर छोटासा ढीग झाला
आणि सगळी एकदम गप्प झाली.
अभिनंदने तो सँडविचच्या पिशवीत भरला,
पळत जाऊन मोफज्जलच्या हातात दिला.
त्याने ती पिशवी कुठे ओतली, दिसलं नाही.
बस वळली होती.

माझे बूट मी झटकलेच नाहीत.
शिक्षकांना गुलबाज खान काही बोलत नाही.
अजमान येईपर्यंत पायाखाली कुरकुर चालू राहिली.
आमची बस नैर्ऋत्येला,
वाळू जिथून येते त्या बाजूला चालली होती.