दिवसाउजेडी

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला.
वर नाव : भूपाल आदगोंडा मगदूम, वय अठ्ठ्याहत्तर.
खाली औषधांची उतरंड, प्रत्येकापुढं एकच अक्षर :
आर. आर. आर. आर.
मी बोट सरकवत गेले, दहावीच्या निकालाला
फळ्यावर सरकवलं होतं तसं.
पार तळाशी चार ठिकाणी एस.

"आर म्हंजे काय गं?" आण्णा.
दाद देत नाही.
"आणि यस?"
देतं.
"मग यस म्हंजे होच की."

ही तिसरी खेप.
दिवाळीत पाच दिवस गोळ्या, संक्रांतीला सात.
बरं वाटायचं, आणि महिन्यानं पुन्हा
रात्री दोनला बाथरूमचा दिवा,
तीन चादरींखालचं ते कुडकुडणं.
परवा तापात मला त्यांनी आईच्या नावानं हाक मारली.
मी ओ दिली.
काय करणार होते?

डॉक्टर शिरगुप्प्यांनी रिपोर्ट उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.
एक पुडी असते, पाण्यात विरघळवून घ्यायची,
पण तिचा अंमल मूत्राशयापुरता; ताप आहे
म्हणजे हे वर किडनीपर्यंत चढलंय.
एक जुनं इंजेक्शन आहे, स्वस्त, धारदार,
पण ते किडनीला लागतं, कानालाही.
(डावा कान उद्यमनगरच्या फाउंड्रीनं
छत्तीस वर्षांत केव्हाच नेलाय.
उजवा आम्ही घरातले सगळे मिळून वापरतो.)
मग ॲडमिट करून, आठ-आठ तासांनी सलाईनमधून,
नाहीतर दिवसातून एकदाच घ्यायचं ते, महाग,
दहा दिवस, येऊन-जाऊन.
क्रिएटिनिन एक पॉइंट आठ.
प्रत्येक थेंब मोजून द्यावा लागेल.

"आणि काहीच न्हाई केलं तर?"
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
"तर ते रक्तात उतरेल, आण्णा."

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग आण्णांनी विचारलं, "किती असतील?"
काय किती?
"त्ये. जीव."
डॉक्टरांनी कागद सुलटा केला, वाचलं :
एका मिलिलिटरमागं एक लाखाच्या वर.

हा माणूस पाणी गाळून पितो.
सूर्य रंकाळ्यापलीकडं गेला की
औषधाचासुद्धा घोट घेत नाही,
म्हणून तर रात्रीच्या गोळ्या चुकत होत्या
हे मला त्या खुर्चीत बसून कळलं,
दोन कोर्स वाया गेल्यावर.
उशीखालचं पाकीट मी कधी उलटून पाहिलं नव्हतं.

"मारायचंच असंल," आण्णा म्हणाले,
"तर दिवसाउजेडी मारा.
एकदाच. रात्रीच्याला नको."

मग रोज अकरा वाजता.
स्कूटरवर मागं बसलेला वजन उतरलेला बाप,
दसरा चौकाच्या सिग्नलला माझ्या खांद्यावर हात,
हाताला चिकटपट्टीनं बांधलेली सुई.
बिलाचा आकडा मी सांगितला नाही.
उजव्या कानालाही नाही.

संध्याकाळी जेवण लवकर उरकून
डोळे मिटून पुटपुटत बसायचे.
मला वाटलं, जप.
सहाव्या दिवशी जवळ सरकले तेव्हा ऐकू आलं :
"रागानं न्हाई बाबांनो.
पर मलाबी घर एवढंच हाय."

नंतरच्या तपासणीत लिहून आलं : वाढ नाही.
डॉक्टर म्हणाले, छान. मग म्हणाले,
या वयात पुन्हा होऊ शकतं, पाणी वाढवा,
ताप आला तर थांबू नका.

घरी येऊन आण्णा कॉटवर बसले.
फाउंड्रीत साच्यातून निघालेला भाग
हातोडीनं टिचकवून बघायचे,
आत भेग आहे का, आवाजावरून.
तसं त्यांनी बोटाच्या पेरानं
आपल्याच गुडघ्यावर दोनदा वाजवलं,
मान उजवीकडं कलती करून.

"जरा बद्द येतोय," म्हणाले.
"पर चालंल. पाणी आण.
अजून ऊन हाय."