तातडीचं नाही

एकशेआठला फोन लावला की पलीकडची बाई विचारते,
पेशंट शुद्धीवर आहे का?
आहे.
रक्तस्राव? अपघात? बाळंतपण?
नाही बाई. पेशंट ओट्यावर बसून
बशीतला चहा फुंकतोय.
फक्त उद्या आठला त्याला
अंबाजोगाईत मशीनवर झोपायचंय,
मग गुरुवारी, मग परत सोमवारी,
जोवर आहे तोवर.

मग ही तातडी नाही, ती म्हणते.
खोटं नाही तिचं.
तातडी एकदाच येते.
हे आठवड्यातून दोनदा येतं.

म्हणून ठराव घेतला.
मी ग्रामसेवक, वळणदार अक्षर एवढंच माझं भांडवल.
लिहिलं: रुग्ण ने-आण, जीपभाडे व डिझेल, स्वनिधीतून.
स्वनिधी म्हणजे काय, तर पाणीपट्टी,
शनिवारच्या बाजारात शेळ्यांमागे फाडलेल्या पावत्या,
आणि टॉवरवाल्यांची घरपट्टी,
तीही दोन सालांची थकलेली.

मागून आवाज आला,
चौघांपायी अख्ख्या गावाचा पैसा का म्हणून?
खाजाबी उठली, सुईच्या हातावर पदर ओढत.
"तुह्या गल्लीत फरशी बसली
तवा म्या आले होते का रे तिच्यावर नाचायला?"
लोक हसले.
हसण्यातच मी मंजूर लिहून टाकलं.

नौशादच्या जीपमध्ये जागा ठरलेल्या.
मुंजाजी पुढं, त्याचे पाय सुजतात.
खाजाबी खिडकीशी, दुखरा हात कुणाला लागू नये म्हणून.
मधे विलास, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलेला,
कानात वायरी घालून.
आणि मागच्या बाकावर निलावती कातकडे,
मांडीवर डबा, डब्यात सगळ्यांच्या भाकरी,
मिठाशिवाय थापलेल्या.

डॉक्टर सांगतात, दिवसाला पाणी तीनच पेले.
टँकरवर वाढलेल्या माणसांना
पाणी मोजायला शिकवतात.
आम्ही आयुष्यभर दुसरं काय केलं,
असं मुंजाजी म्हणाला. तिथल्या नर्सला काही कळलं नाही.

ऑडिटचा माणूस मार्चमध्ये आला.
लिंबू सरबत घेतलं. लॉगबुक मागितलं.
बोट एकसष्टाव्या फेरीवर थांबलं.
जाताना चार, येताना तीन.
डिझेल मात्र तेवढंच.
तफावतीचा खुलासा सादर करावा.

त्या गुरुवारी निलावती मशीनवरच गेली.
नौशाद म्हणाला होता, आपल्याच गाडीत नेऊ,
सीट तर तिचीच आहे.
मीच फोनवर नाही म्हणालो.
ठरावात रुग्ण लिहिलंय,
रुग्ण नसलेल्याचं लेखाशीर्ष वेगळं.
रात्री अकराला शववाहिका आली.
तोवर तिघं पाराजवळ बसून होते,
सुई लावलेल्या हातांवर पट्ट्या तशाच,
घरी जा म्हटलं तरी जाईनात.
डबा खाजाबीच्या मांडीवर.

खुलासा लिहायला बसलो.
लिहावंसं वाटलं,
महोदय, येताना एक माणूस कमी होतं
पण जीप हलकी झाली नव्हती,
नौशादला विचारा.
लिहिलं,
जाऊन-येऊन अंतर बहात्तर कि.मी.
प्रवासीसंख्येचा इंधनावर परिणाम नाही.
सही. शिक्का.
आक्षेप वगळला.

परवा दादाराव तिडके येऊन बसला,
बराच वेळ पावसापाण्याचं बोलला,
मग पिशवीतून बायकोचे कागद काढले.
क्रिएटिनिन अकरा पॉइंट चार.
यादीत निलावतीच्या नावावर रेघ मारायची राहिली होती.
ती मारली.
खाली नवं नाव लिहिताना
वळणदार अक्षर जरा बिघडलं.

रविवारी रात्री नौशादचा फोन.
सायेब, उद्या किती?
मी म्हणालो, चार.
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, नव्या बाईला मागच्या बाकावर बसवू का,
का विलासला सरकवू मागं?