प्रश्नचिन्हासकट

गुलूबाई मिस्त्रींच्या एकोणीस वह्या
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून आल्या माझ्या टेबलावर.
वर डांबरगोळ्यांचा वास
आणि खाली, अजूनही,
शिवडीच्या चिखलाचा.

काम सोपं, म्हणाले ऑफिसात.
तारीख, जागा, पक्षी, संख्या.
एकेक ओळ संगणकात भरायची.

अक्षर मुंगीएवढं. मराठी त्यांची त्यांची.
मराठीतच लिहायच्या, कारण होडीवाला हेमनाथ वैती
रोजची नोंद वाचून खाली सही करायचा:
साक्षीदार.

"ओहोटी साडेसातला. वारा खाडीवरून.
टिलवा सहाशे चाळीस, दोन वेळा मोजला.
कोरल चार. एक लंगडते.
आज माझा चप्पल चिखलात गेला, नाय भेटला."

चपलेला रकाना नव्हता. मी ती गाळली.
रात्री उठून
'शेरा'मध्ये टाकली.

मग सातवी वही. चौदा जानेवारी सत्त्याऐंशी.
"टिलव्यांच्यात एक वेगळा.
चोचीचा टोक भातवाढीसारखा.
अकरा सेकंद. मग सगळे उडाले.
?"

खाली सही नाही.
"संक्रांत. हेमनाथ सुट्टीवर."

लिंबाहून हलका एक जीव
कुठल्या बर्फाच्या कडेवरून निघतो,
अर्धं जग चुकवत येतो
आणि शिवडीच्या जेट्टीपाशी, तेलाच्या तवंगाशेजारी,
नेमका त्याच दिवशी उतरतो
ज्या दिवशी साक्षीदार घरी तिळगूळ खातोय.

पुढच्या जानेवारीत एकच ओळ: "तो नाय."
त्याच्या पुढच्या: "तो नाय."
ब्याण्णवला वही कोरी. त्र्याण्णवलाही.
चौऱ्याण्णव: "तो नाय. पाणी काळा."
असं शेवटच्या वहीपर्यंत,
जिथे अक्षर मुंगीचं मुंगळ्याएवढं झालंय
आणि ओळ खाली घसरतेय.

संगणक विचारतो, खात्रीशीर? हो की नाही.
मी प्रश्नचिन्ह टाइप केलं.
चौकट लाल झाली.

शिवडी कोळीवाड्यात वैतींचं घर शोधलं.
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी
ते जाळं नाही, नातीचं दप्तर शिवत होते.
सातवी वही उघडून समोर धरली.
बराच वेळ बोटानं ते चिन्ह चाचपलं.

"दुसऱ्या दिवशी बाई बोलल्या, सही कर.
मी बोललो, बघितला नाय तर सही कशी करू?
हसल्या. बरोबर, बोलल्या.
परत कधी नाय बोलल्या."
दोरा दातानं तोडला.
"मग दर वर्षी मीच होडी तिथं लावायचो.
त्यांनी सांगायच्या आधी."

रविवारी गेलो आम्ही दोघं. ओहोटी आठ वाजून पाचला.
डोक्यावर नवा पूल, त्यावरून गाड्यांचा एकसारखा घुर्रर्र
आणि खाली तोच चिखल,
त्यात शिवणयंत्राच्या सुईसारखे
खालीवर, खालीवर टिलवे.
मी दुर्बिणीतून एकेक चोच तपासत गेलो.
टोकदार. टोकदार. टोकदार.
एकाची जरा जाड वाटली; छातीत धस्स झालं;
चिखल होता, त्यानं पाण्यात झटकला.

वैती दुर्बीण नको म्हणाले.
भिंतीला टेकून नुसते ऐकत राहिले.
पाणी चढायला लागलं तेव्हा म्हणाले, लिहिलं का?

लिहिलं: टिलवे दोनशे अकरा. कोरल एक.
थोडं थांबून, बाईंच्याच शब्दांत:
तो नाय.

त्यांनी पेन मागितलं.
"हे मी बघितलंय," म्हणाले,
आणि थरथरत, पूर्ण नावानिशी,
वडिलांच्या नावासकट सही केली.

वरची चौकट अजून लाल आहे.
ऑफिसातून दोनदा फोन आला.