एका ट्यूनरला एकच लहर

पत्र्यावर थाळी बसवली नागोरावनं,
आग्नेयेला तोंड, बुडाला चार दगड.
रिटायर लाइनमन. खांबावरून उतरून सात वर्षं झाली,
पाना दातात धरायची सवय तेवढी राहिली.
मी खालून ओरडत होते, अजून थोडं डावीकडं,
मोबाइलवर आकडा चढत होता,
चाळीस, त्रेपन्न, एकसष्ट,
मग एकदम शून्य.
कबूतर.

खाली शिलाई मशीनच्या टेबलाखाली
पॉलिटेक्निकनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर,
मीच सही करून आणलेला.
त्यात एक कंटेनर. गल्लीत त्याला डबाच म्हणतात.
खरं तर पत्रा नाही, झाकण नाही,
नुसता शब्दावर उभा आहे.

पहिल्या रात्री डबा म्हणाला, ट्यूनर सापडत नाही.
अरे, हा काय, इथं लटकलाय, हात लावला तर चटका बसतोय!
मला दिसतो, कॉम्प्युटरला दिसतो,
याला दिसत नाही.
दोन वाजता डोक्यात उजेड पडला.
याला बाहेरचं काहीच आपोआप दिसत नसतं.
नव्यानं घरात आलेल्या बाईला फडताळ दाखवतात ना,
हे पिठाचं, हे तिखटाचं, याला हात लावायचा नाही,
तसं एकेक नाव घेऊन आत द्यावं लागतं.
दिलं. बत्ती लागली, हिरवी.

मग पाऊण तास चॅनेल शोधले,
एकेकाचं नाव मराठीत लिहिलं,
आणि उदगीरची लाइट गेली.
आली तेव्हा डबा नुकताच जन्मलेला.
कोण तुम्ही? कुठले चॅनेल?
तेव्हापासून मी त्याची आठवण त्याच्याजवळ ठेवत नाही,
बाहेर डिस्कवर खुंटीला टांगते.
आता तो दिवसातून दहादा मेला तरी
मी भाकरी थापत असते.

भांडण पुढं लागलं.
मल्लप्पाकाकांनी कन्नड प्रवचन लावलं
की फहमिदा चाचीचा मुशायरा तुटायचा,
शेर अर्धा, वाहवा गायब.
"शिवलीला, तुझा डबा बी पार्टी करू लालाय की गं!"
मी सांगून दमले, चाची, ट्यूनर एक,
एका वेळी एकच लहर धरतो,
त्या लहरीवर जे जे असेल ते सगळ्यांना,
बाकीच्यांनी थांबायचं.
शेवटी कॅलेंडरच्या पाठीवर कोष्टक काढलं,
कुठल्या लहरीवर कोण कोण बसलंय.
तेव्हा दिसलं, दुसरं एक कन्नड चॅनेल
चाचीच्या उर्दूच्या अगदी मांडीला मांडी लावून.
काका दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, या स्वामींचा आवाज बरा आहे.

नागोरावनं कधी काही मागितलं नाही.
पण लॉगमध्ये रोज एक पत्ता, शेवटी सात,
रात्री एक ते चार,
आणि चॅनेल कुठलं, तर ज्यावर काहीच लागत नाही,
उभ्या रंगीत पट्ट्या आणि घड्याळ.
मी बिचकत विचारलं.
हसला. "काय न्हाई ताई, झोप येईना.
लाइन चालू हाय का बगू लालाव."

परवा रात्री वारा सुटला.
दोन वाजून दहा मिनिटांनी लॉगमध्ये लाल ओळ, सिग्नल नाही.
मी उठून चष्मा शोधेपर्यंत
डोक्यावर पत्रा वाजला,
एक पाऊल, मग जपून दुसरं.
दिवा न लावता मी मोबाइल हातात धरून
खिडकीशी गेले.
"किती?" वरून आवाज आला, दातात पाना असल्यासारखा.
"अठ्ठावीस," मी म्हटलं.
"आता?"